खाऱ्या पाण्यावरचा संत्रा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



वरुड-मोर्शीचे बगीचे पाहून पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या आपल्या माणसालाही वाटतं, कापूस-ज्वारीत काही उरत नाही, दोन एकर संत्रा लावावा. वाटणं चूक नाही. कपाशीच्या भावात घर चालत नाही म्हणूनच ते वाटतं. पण बोअरचं पाणी मचूळ असेल तर आधी आमचं ऐका.

झाडाचा स्वयंपाक पानात होतो. पानाच्या खालच्या अंगाला बारीक छिद्रं असतात. त्यांतून हवेतला कर्बवायू आत येतो, मुळांकडून पाणी येतं आणि उन्हाच्या जोरावर साखर तयार होते. मातीत मीठ वाढलं की वावर ओलं दिसतं, पण मुळांना ते पाणी ओढवत नाही. मग आहे ते पाणी राखायला झाड छिद्रं मिटून घेतं. छिद्रं मिटली की कर्बवायूही बंद. चूल पेटलेली, भांड्यात दाणा नाही!

दुसरं दुखणं याहून वाईट. मिठातलं क्लोराईड पानात चढतं आणि तिथंच साचतं. शेंडे करपतात, हरितद्रव्य जातं, पान गळतं. कपाशीचं पान एका हंगामाचं. संत्र्याचं पान वर्ष-दोन वर्षं झाडावर राहतं, तितके दिवस मीठ साठवतं. मातीची क्षारता ७.७ डेसिसायमन प्रति मीटर होईपर्यंत कपाशीचं उत्पन्न सहसा घटत नाही, ज्वारीचं ६.८ पर्यंत. संत्र्याचं १.७ च्या पुढंच घटू लागतं. म्हणजे कपाशी बरी आली म्हणून त्या वावरात संत्रा येईल, हा हिशेब खोटा.

रोप घेताना खुंट कोणता ते विचारा. रंगपूर लाईमचा खुंट बरंचसं क्लोराईड खालीच अडवतो, जंबेरी तितकं अडवत नाही. पोटॅश द्यायचं तर म्युरेट नको, त्यात क्लोराईडच असतं. महाग पडलं तरी सल्फेट घ्या. खारं पाणी तुषारानं पानावर उडवू नका, पान ते थेट शोषतं. आणि चोपण जमिनीत निचराच नसेल, तर यातलं काहीच फार उपयोगाचं नाही.

संत्र्याचं पहिलं पीक यायला पाच-सहा वर्षं. कर्जाचं व्याज पहिल्या दिवसापासून. तेव्हा खड्डे खणण्याआधी माती आणि पाणी तपासून घ्या. पाण्याचा नमुना मे महिन्यातला द्या, बाटली त्याच पाण्यानं दोनदा विसळून भरा. कागद हाती आला की पुढच्या बैठकीला आणा, सोबत बसून वाचू.