घरातील मुका जीव आणि त्याचा वैद्य



पांजरपोळ ही आपल्या समाजाची जुनी परंपरा. वृद्ध, लंगड्या, दूध आटलेल्या जनावरांना तेथे अखेरपर्यंत आश्रय मिळतो. मला मात्र पशुवैद्य या नात्याने आज आपल्या घरातील प्राण्यांविषयी बोलायचे आहे. आपल्या वसाहतींतही आता कुत्री-मांजरे दिसू लागली आहेत. प्रेम पुष्कळ आहे. परंतु वैद्याचा शोध सुरू होतो तो प्राण्याने तीन दिवस अन्न सोडल्यावर, आणि तोही बहुधा रविवारी रात्री.

वैद्य हा प्राणी घरी येण्यापूर्वीच ठरवावा. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमानुसार हा व्यवसाय करण्यास नोंदणी आवश्यक आहे. म्हणून नोंदणी क्रमांक विचारण्यास संकोच करू नये. शस्त्रक्रियेची, क्ष-किरणांची सोय आहे काय, रात्री कोण भेटेल, हेही विचारावे. मुंबईकरांना परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय परिचित आहे. लहान गावांत शासनाचा किंवा जिल्हा परिषदेचा दवाखाना जवळचा ठरतो. पिलू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस द्यावी आणि पुढे वैद्य सांगेल त्याप्रमाणे ती पुन्हा टोचून घ्यावी. हा रोग एकदा प्रकट झाल्यावर माणसालाही सहसा वाचवता येत नाही.

आता स्वयंपाकघराकडे वळू. कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. हे भय आपल्यापैकी अनेकांच्या घरी आपोआपच टळलेले आहे! पण शिऱ्यातील बेदाणे? द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडास घातक ठरू शकतात, तेव्हा प्रसाद कौतुकाने त्याच्यापुढे ठेवू नये. चॉकलेटही वर्ज्य. आणि तापावरची पॅरासिटामॉलची एकच गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते.

यापुढचा विषय थोडा नाजूक आहे. कुत्रा विचारपूर्वक आखलेल्या शाकाहारावर राहू शकतो. मांजराचे तसे नाही. त्याच्या शरीराला टॉरिन नावाचे द्रव्य आहारातूनच मिळावे लागते आणि ते निसर्गतः मांस-मासळीत असते. केवळ दूध-पोळीवर ठेवलेल्या मांजराची दृष्टी जाते, हृदय दुर्बल होते. टॉरिन कारखान्यात तयार करता येते, त्यामुळे वाट अगदीच बंद नाही; परंतु असा आहार वैद्याच्या देखरेखीखाली आणि नियमित तपासणीनेच द्यावा. ज्यांना एवढे जमणार नाही आणि मांसाहारही घरात आणवणार नाही, त्यांनी मांजर पाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपले व्रत आपण घेतलेले असते, त्या जिवाने नव्हे.

यात्रेला निघताना घराची किल्ली शेजारी देतो, तशी प्राण्याचीही व्यवस्था हवी. लसीकरणाची नोंदवही, वैद्याचा दूरध्वनी, चालू औषधे आणि नेहमीचा आहार एका कागदावर लिहून ठेवावा. उपचारांसाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकावी. ज्येष्ठांनी आपल्या पश्चात प्राणी कोण सांभाळील, हे त्या व्यक्तीची संमती घेऊन ठरवावे. कुत्रा १० ते १५ वर्षे जगतो.

अखेरच्या आजारात दयामरणाचा प्रश्न येतो. ते आपल्यापैकी अनेकांच्या श्रद्धेत बसत नाही, हे मी जाणतो आणि त्याचा आदर करतो. मात्र त्यामुळे वेदनाशमनाची जबाबदारी दुप्पट होते. वेदनाशामक औषधे, सलाइन, जखमांची स्वच्छता, कूस बदलणे हे सर्व रोज करावे लागते. ‘आता काही उपाय नाही’ असे म्हणून त्याला जिन्याखाली पडू देणे ही अहिंसा नव्हे. अशा वेळी काय करायचे, हे वैद्याशी आधीच, शांतपणे बोलून ठेवावे.

कोणास काही विचारावयाचे असल्यास मी अल्पोपाहाराच्या वेळी येथेच आहे. जय जिनेंद्र.