ओळख आणि मूल्य
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"तू कॉम्प्युटरवर नेमकं काय करतोस?" हे पाच मिनिटांत सांगायची मला आज्ञा झाली आहे. मी जावा या भाषेत प्रोग्रॅम लिहितो. तिच्यात चाललेल्या एका मोठ्या दुरुस्तीबद्दल सांगतो.

भूमितीच्या तासाला (३, ४) हा बिंदू फळ्यावर काढला काय नि वहीत काढला काय, बिंदू तोच. त्याला मूल्य आहे, वेगळी ओळख नाही. पण वर्गात एकाच नावाची दोन मुलं असली, तर हजेरीपटावर दोन क्रमांक लागतातच.

१९९५ साली आलेल्या जावात पूर्णांकासारखे ८ मूळ प्रकार सोडले, तर प्रत्येक वस्तूला, म्हणजे ऑब्जेक्टला, असा हजेरी क्रमांक मिळतो, बिंदूलासुद्धा! तो फुकट मिळत नाही. दोन पूर्णांकांच्या बिंदूत माहिती असते ८ बाइट. आजच्या नेहमीच्या ६४-बिट मांडणीत त्याचा ऑब्जेक्ट होतो २४ बाइटचा, वर पत्त्याचे ४. लाख बिंदूंना ८ लाखांऐवजी २८ लाख बाइट लागतात. शिवाय ते मेमरीत विखुरलेले असू शकतात, म्हणजे एकेकासाठी वेगळा हेलपाटा.

यावर उपाय म्हणून २०१४ मध्ये ब्रायन गेट्झ यांच्या नेतृत्वाखाली 'वल्हाला' प्रकल्प सुरू झाला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने "या वस्तूला ओळख नको, मूल्य पुरे" असं सांगितलं, की मशीनला ते बिंदू शेजारी-शेजारी दाटीनं मांडायची मोकळीक मिळते.

मग इतकी वर्षं का लागावीत? सी-शार्प भाषेत अशी सोय पहिल्यापासून होती. जावात ती मागाहून बसवायची आहे. तोवर जगभर लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये कुणी वस्तूच्या ओळखीवर कुलूप लावलेलं, कुणी तिची जागा रिकामी ठेवलेली. ते मोडायचे नाहीत. म्हणून २०२१ च्या जावा १६ मध्ये काही वस्तूंपुरती आधी नुसती ताकीद सुरू झाली: यांच्या ओळखीवर विसंबू नका.

आपल्या जुन्या शब्दावर ज्यांनी भरवसा ठेवला, त्यांना न दुखावता सुधारणा करायची, हे मला या कामात सर्वांत मोलाचं वाटतं.

प्रश्न तसा साधा आहे: हिच्या जागी तशीच दुसरी चालेल का? हिशेबातल्या दहा रुपयांना चालेल. आज इथे जमलेल्यांपैकी एकालाही चालणार नाही.