नाताळचं झाड आणि आईची परीक्षा

(ओझर, ता. जुन्नर येथे संक्रांतीनंतर भरलेल्या महिला मेळाव्यातील भाषण, थोडे संपादन करून.)

तिळगुळाच्या निमित्तानं आपण जमलो आहोत. इथं कुंकू लावणाऱ्या आहेत, न लावणाऱ्या आहेत, नवरा गेलेल्या आहेत, नवऱ्यानं टाकलेल्याही आहेत. दारात कुणाला 'तुम्ही कोण' असं विचारलेलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण मला आज सणाबद्दलच बोलायचं आहे. पण सण संक्रांतीचा नाही, नाताळचा.

तुम्ही म्हणाल, विघ्नहराच्या गावात बसून नाताळचं काय घेऊन बसलात? मला आधी एक सांगा, कुणाकुणाची लेक, सून, भाची, नात परदेशात आहे? हात वर करा. बघा, सात-आठ हात आले. पूर्वी आपल्याकडची मुलं शिकायला पुण्याला गेली तरी लांब गेली असं वाटायचं. आता सुट्टीत देवदर्शनाला येणाऱ्या गाड्यांतून इंग्रजी बोलणारी नातवंडं उतरतात. त्यांच्या आया आपल्या तालुक्यातल्याच, आपल्या शाळांत शिकलेल्या. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

माझी गोष्ट सांगते. माझी मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये असतात. दोघं नोकरी करतात. नात सहा वर्षांची. तिकडे डिसेंबरमध्ये लहान मुलांच्या शाळांतून येशूजन्माचं नाटुकलं बसवतात. नातीला त्यात मेंढीचं काम मिळालं. तिला कोण आनंद! मेंढ्या तिनं सुट्टीत इथंच पाहिलेल्या, धनगरांच्या. फोनवर ती मला 'बॅं' करून दाखवायची. मग एक दिवस ती आईला म्हणाली, आपल्याकडेही झाड आणू या. मुलीनं हे हौसेनं सासरी सांगितलं आणि गहजब झाला.

विहीणबाईंचा मला फोन आला. "तुमच्या मुलीला काही सांगा. घरात गणपती आहे, त्याच्यासमोर ते झाड उभं करणार का? उद्या पोरगी चर्चमध्ये जायला लागेल." आता खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला नाही. मी त्यांचीच बाजू घेतली. मुलीला म्हणाले, "कशाला उगाच? आपले सण काय कमी आहेत?" मुलगी काही बोलली नाही. झाड आणलं नाही.

त्याच हिवाळ्यात मी तिकडे गेले. दुपारी चार वाजता दिवेलागण. झाडांना पान नाही. सूर्य दिसला तर दिसला. अशा काळोखात लोक खिडक्यांतून दिवे लावतात, हे पाहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं, की त्या सणाची त्या हवेत माणसाला गरज आहे. पंचवीस तारखेला तर रेल्वे बंद, बस जवळजवळ नाहीतच, दुकानं बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही. सगळं जग आपापल्या घरात जमलेलं आणि आमच्या घरात रोजच्यासारखी भाजी-पोळी. नात खिडकीशी बसून होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "आजी, सांता चांगल्या मुलांकडे येतो ना? माझ्याकडे नाही आला. मी काय केलं?"

मैत्रिणींनो, त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही धर्म राखायला गेलो आणि पोरीला वाटलं, आपल्याला शिक्षा झाली.

त्या रात्री मी मुलीशी बोलले. ती म्हणाली, "आई, तुला एक गंमत सांगू? ह्यांच्या ऑफिसात दरवर्षी ख्रिसमसची पार्टी असते. हे जातात. चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटी देतात. लाल टोपी घालून काढलेला ह्यांचा फोटो सासूबाईंनी स्वतः कौतुकानं सगळ्यांना दाखवला. तिथं धर्म बुडाला नाही. मी झाडाचं नाव काढलं आणि बुडाला."

हे ऐकलं आणि माझे डोळे उघडले. बाप ऑफिसात नाताळ करतो, तो व्यवहार. आईनं घरात केला, तर संस्कार गेले. परदेशात गेलं तरी धर्माची, भाषेची, रीतीभातींची किल्ली बाईच्याच कमरेला. मूल मराठी बोललं नाही तर आईनं शिकवलं नाही. श्लोक आले नाहीत तर आईला वेळ नाही. प्रश्न 'नाताळ करावा की नाही' असा दिसतो. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे: मुलांचं काय करायचं हे ठरवणार कोण, आणि चुकलं तर जबाब कोण देणार?

हा प्रश्न आजचा नाही. १८८३ साली, एकाच वर्षी, दोन मराठी बायका समुद्र ओलांडून गेल्या. आनंदीबाई जोशी अमेरिकेला, पंडिता रमाबाई इंग्लंडला. आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या जाहीर सभेत सांगितलं होतं, की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. हे श्रीरामपूर बंगालमधलं. आणि त्या राहिल्या कुठं? रोझेल गावी, कार्पेंटरबाईंच्या ख्रिस्ती घरात. त्या कुटुंबात लेकीसारख्या वावरल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि आपला शब्दही राखला.

रमाबाईंचं उलट झालं. वाँटेज इथल्या मठात राहत असताना त्यांनी १८८३ मध्येच लेकीसह बाप्तिस्मा घेतला. लेक मनोरमा तेव्हा अडीच वर्षांची. इकडे पुण्यात टीकेची झोड उठली. पण पुढचा भाग आपण कमी सांगतो. ख्रिस्ती झाल्यावरही रमाबाई मठाच्या मुठीत गेल्या नाहीत. शाकाहार सोडला नाही. मनोरमेला काय शिकवायचं, कसं वाढवायचं यावरून सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचे वाद झाले. ते त्यांच्या पत्रव्यवहारात आहेत. ज्यांच्या आश्रयाला राहायचं त्यांच्याशीच आपल्या मुलीसाठी भांडायला केवढं धैर्य लागलं असेल! पुण्याचे सनातनी म्हणत आमचं ऐक, मठ म्हणे आमचं ऐक. रमाबाई म्हणाल्या, आई मी आहे.

एक आपल्या धर्मात राहिली, एकीनं बदलला. दोघींकडून मी एकच गोष्ट घेते. दुसऱ्याच्या सणाच्या सावलीत राहिल्यानं धर्म जात नाही. आणि जायचा-राहायचा तर तो विचारानं जावा-राहावा, धाकानं नव्हे.

आता सणाबद्दलच थोडं. आपल्याला वाटतं नाताळ म्हणजे एकसंध, कडेकोट ख्रिस्ती वस्तू. तसं नाही. ख्रिस्ती लोकही त्यावरून भांडले आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, आणि दंड करणारे कट्टर ख्रिस्तीच होते. स्कॉटलंडमध्ये त्या दिवसाची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली सुरू झाली. ते झाड जर्मनीकडचं. इंग्लंडमध्ये घरोघरी पसरलं ते व्हिक्टोरिया राणीच्या काळात. सण असेच घडतात. आपला मांडवातला सार्वजनिक गणपती तरी जोमानं केव्हा सुरू झाला? १८९३ च्या सुमारास. त्याआधी तो मुख्यतः घरातला आणि वाड्यातलाच होता.

आणि नाताळ आपल्याला परका तरी कुठं आहे? 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीजांकडून आला आणि मराठी झाला. वसईला, नगर जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे ख्रिस्ती आहेत. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक त्यांच्यातल्याच. आपल्या विघ्नहराच्या शिखराला सोनं चढवलं ते चिमाजी अप्पांनी, १७३९ मध्ये वसई घेतल्यावर, असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्याच वसईहून आणलेली चर्चची घंटा तिकडे भीमाशंकरला टांगलेली आहे. ती लढाईत आणलेली, प्रेमानं दिलेली नव्हे, हे विसरू नये. पण तिचा नाद ऐकताना कुणा भक्ताचा धर्म बाटल्याचं मी ऐकलेलं नाही.

इथं मला माझी एक चूक कबूल करायची आहे. मी तीस वर्षं शिकवलं. वर्गात सरस्वतीपूजन व्हायचं, गणपतीची आरती व्हायची. एक ख्रिस्ती मुलगी माझ्या वर्गात होती. ती सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवायची. पंचवीस डिसेंबरची सुट्टी आम्ही सगळे घ्यायचो, पण तिला 'तुझ्या घरी काय करतात गं' असं मी एकदाही विचारलं नाही. नात खिडकीशी बसली तेव्हा मला ती मुलगी आठवली. थोरांच्या सणात धाकट्यांनी सामील व्हायचं आणि धाकट्यांच्या सणाची कुणी चौकशीही करायची नाही, हे तिकडे आपल्याला बोचतं. इकडे ते आपणच करतो.

म्हणून तिकडच्या पालकांची भीती मी खोटी मानत नाही. बहुसंख्यांचा सण मोठा असतो. बाजार त्याच्यामागे असतो. इंग्लंडात तर १९८८ च्या कायद्यानं सरकारी शाळांतल्या रोजच्या प्रार्थनेचा कल मुख्यतः ख्रिस्ती ठेवलेला आहे. नको असेल तर मुलाला त्यातून काढून घेण्याचा हक्कही पालकांना आहे. कुणी विचारपूर्वक तो वापरला, नाताळ घरात नको असं ठरवलं, तर तेही मान्य. पण मग मुलाला नीट बसवून सांगा. त्या दिवशी त्याला खिडकीशी सोडू नका. चार मराठी घरं एकत्र या, काही रांधा, खेळा. नकार हा मुलाला शिक्षेसारखा वाटता कामा नये.

आमच्या घरात काय ठरलं ते सांगते. पहिलं म्हणजे ठरवलं दोघांनी, आणि सासरी फोन केला जावयानं. आपल्या आईला आपण सांगायचं, बायकोला पुढं करायचं नाही. दुसरं, नातीला खरं सांगितलं: हा ख्रिस्ती लोकांचा देवाचा सण आहे, येशूच्या जन्माचा. आपण शेजारी म्हणून त्यात आनंद घेतो. सांता ही गोष्ट आहे, आणि भेट मिळणं-न मिळणं यावर कुणी चांगलं-वाईट ठरत नाही. तिसरं, झाड लहान, भेट एक, खर्च आधी ठरलेला. आणि चौथं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: सण वाढला की काम वाढतं, ते काम बाईवर पडायचं नाही. गौरी-गणपती, दिवाळी, वर नाताळ, असं तिन्ही तिनंच उपसायचं असेल तर मी म्हणेन एकही करू नका. यंदा दिवाळीच्या चकल्या जावयानं पाडल्या. वाकड्या झाल्या, पण झाल्या.

पुढच्या नाताळात शेजारच्या आजीबाई मिन्स पाय घेऊन आल्या. आत मनुका-बेदाण्यांचं गोड सारण. पूर्वी त्यात चरबी घालायचे, आता शाकाहारीही मिळतात. त्यांनी आम्हाला विचारून तशाच आणल्या होत्या. मुलीनं मला व्हिडिओवर दाखवलं. मी म्हटलं, अगं ही तर करंजीची मावशी! आजीबाई एकट्या राहतात. त्या दिवशी त्या आमच्याकडे जेवल्या. विधवा आहात का, असं त्यांना कुणी विचारलं नाही.

विहीणबाईंची अढी अजून पूर्ण गेलेली नाही. परवा त्यांनी एवढंच विचारलं, "झाड गणपतीपासून लांब ठेवलं होतं ना?" नातीनं उत्तर दिलं, "नाही आजी, गणपतीला दिवे दिसावेत म्हणून जवळ ठेवलं."

तेव्हा मैत्रिणींनो, तिकडून लेकीचा-सुनेचा फोन आला आणि तिनं भीतभीत विचारलं, "मुलांसाठी नाताळ करू का?" तर होय-नाही सांगण्याआधी तिला एवढंच विचारा, "तुला काय वाटतं? आणि तो मदत करणार आहे का?" तिच्यावर विश्वास टाका. संस्कार बहुधा तिथूनच सुरू होतात.

तुमचे अनुभव वेगळे असतील. तेही बोला. तिळगूळ घ्या आणि मोकळेपणानं बोला.