गिळलेला राग

हिंगोलीहून वाशीमकडे जाणारी एस्. टी. कनेरगाव नाक्यावर थांबते. गर्दींत सुट्या पैशांवरून एखादा प्रवासी वाहकावर खेंकसतो. वाहक मात्र शांतपणें तिकीट देतो. राग गिळणें हेंहि कष्टाचेंच काम आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनीं १९८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत विमानसेविकांच्या अशा कष्टांस ‘भावनिक श्रम’ म्हटलें.

श्रोतेहो, हे श्रम वेतनपत्रकांत दिसत नाहींत. आगारांत परतल्यावर वरिष्ठानें एकतर्फी तक्रारीवरून दोष न देतां वाहकाचेंहि म्हणणें ऐकलें, सहकाऱ्यानें चहाचा पेला पुढें केला, तर त्याच्या मनावरचें ओझें हलकें होतें. हा आधार नसेल, तर गिळलेला राग घरीं मुलांबाळांवर निघतो. प्रवाशाला सौजन्य हवें असेल, तर तें आधीं आगारांत वाहकाला मिळालें पाहिजे.