पांडुरंग सांगवीकर आणि आपली गल्ली



बाप्पापुढे कादंबरीवर बोलणार म्हटल्यावर काहींनी आम्हाला विचारले, "आरतीला उशीर तर नाही ना होणार?" नाही होणार!

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली आली. लेखक आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीचे. नायक पांडुरंग खानदेशातून पुण्याला शिकायला जातो. होस्टेल, मेस, गॅदरिंग. वाचताना हसू आवरत नाही. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे शब्द तर तो मिठासारखे वापरतो. पण हसता हसता कळते, पोरगे आतून घाबरलेले आहे. धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते, तेव्हा आपलाही घास अडकतो. शेवटी तो नापास होऊन गावी परततो. होस्टेलात सोबत पुष्कळ होती, तरी तो एकटाच राहिला.

आमच्या मते हे पुस्तक लिंबायतचेही आहे. तापी खानदेशातून सुरतेला येते, भुसावळची गाडीही येते. त्याच वाटेने आपले वाडवडील आले. आजही पोरे उधन्याला उतरतात, लूमवर लागतात, अनोळखी माणसांबरोबर एका खोलीत राहतात आणि घरी फोनवर "सगळे बरे आहे" एवढेच सांगतात.

तेव्हा या दहा दिवसांत अशा पोराकडून नुसती वर्गणी घेऊ नका. "कोन गावना भो?" विचारा, प्रसादाला शेजारी बसवा. तो बोलू लागला, की मध्येच उपदेश मात्र करू नका.

गणपती बाप्पा मोरया!