खोली देताना बाळाचं कार्डही विचारा

चाकण, म्हाळुंगे, खराबवाडी, कुरुळी या भागात आपल्यातल्या बऱ्याच जणींनी खोल्या भाड्याने दिल्यात. भाडेकरू आला की आपण डिपॉझिट घेतो, आधार कार्ड मागतो. आज मी तुम्हाला आणखी एक कार्ड मागायला सांगणार आहे. बाळाच्या लसीकरणाचं.

का, ते ऐका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 1998-99 साली महाराष्ट्रातल्या एक ते दोन वर्षांच्या शंभर मुलांपैकी 78 जणांच्या मूळ लसी पूर्ण होत्या. 2005-06 मध्ये हा आकडा 59 वर आला, 2015-16 मध्ये 56 वर. त्याच काळात देशाचा आकडा 42 वरून 62 वर गेला! 2019-21 च्या पाहणीत आपण पुन्हा 73 च्या वर आलो. तरी चारातलं एक मूल सुटलेलंच.

ते सुटतं कसं? जन्मानंतरची लस दवाखान्यातच मिळते. पुढे दीड, अडीच, साडेतीन महिन्यांनी आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर जायचं असतं. तेवढ्यात नवऱ्याला कंपनीत काम लागतं, बिऱ्हाड इकडे येतं आणि कार्ड गावी राहतं. तिथल्या आशाताईच्या यादीत बाळ आहे, पण घराला कुलूप. इथल्या यादीत त्याचं नावच नाही.

2022 मध्ये मुंबईत गोवंडीला, मालेगावात, भिवंडीत गोवर पसरला, लेकरं दगावली. आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये कुदळवाडीतही रुग्ण सापडले. गोवराचा पहिला डोस नऊ महिन्यांनंतर असतो. म्हणजे आपल्या घरातलं सहा महिन्यांचं नातवंड शेजारच्या मुलांच्या लसीवरच सुरक्षित असतं. गोवर थोपवायला शंभरातल्या 95 मुलांचे दोन्ही डोस झालेले हवेत. दुसरा डोस दीड वर्षाच्या सुमारास असतो, आणि तोच जास्त विसरतो.

म्हणून भाडेकरू बाईला तीन गोष्टी सांगा. सरकारी लस कुठल्याही गावच्या बाळाला इथे फुकट मिळते. कार्ड हरवलं तरी जायचं. गावाकडून फोनवर फोटो मागवता आला तर उत्तम. आणि एखादा डोस चुकला असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलं तिथून पुढे चालू होतं. लसीनंतर थोडा ताप येतो, त्याला घाबरू नका. नर्सताई गोळी कशी द्यायची ते सांगतात.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या खोल्यांतल्या पाच वर्षांखालच्या मुलांची नावं आणा आणि ती यादी आशाताईंच्या हातात द्या. भाड्याचा हिशेब आपण चोख ठेवतोच. हाही ठेवूया.