ज्ञानदानाचे एक दुर्लक्षित क्षेत्र : मुख्याध्यापक

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





सुवर्णमहोत्सव हा संस्थेच्या जीवनातील कृतज्ञतेचा क्षण असतो, तसाच तो आत्मपरीक्षणाचाही असतो. पन्नास वर्षांत आपण काय दिले, याचा उल्लेख आज अनेक वक्ते करतीलच. काय द्यावयाचे राहून गेले, याविषयी चार शब्द बोलण्याची परवानगी मी आपणांकडे मागतो.

आपल्या समाजाला दानाची दीर्घ परंपरा आहे. वह्यांचे वाटप, गणवेश, शिष्यवृत्ती, वर्गखोली, पाण्याची टाकी, अशा अनेक रूपांनी आपण शाळांच्या दारी पोहोचतो. परंतु ज्याच्या खांद्यावर ती शाळा उभी असते, त्या मुख्याध्यापकासाठी आपण आजवर काय केले?

हा प्रश्न दुसऱ्यांना विचारण्यापूर्वी मी स्वतःची चूक सांगतो. मी निवृत्त मुख्याध्यापक. काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच मित्रांनी पेण तालुक्यातील डोंगराकडच्या एका लहान शाळेला संगणक दिले. नारळ फुटला, सत्कार झाले, छायाचित्रे निघाली. वर्षभराने सहज त्या बाजूला गेलो, तेव्हा संगणक कपाटात कुलूपबंद होते. वीजबिल थकल्यामुळे जोडणी तोडली गेली होती. ज्या गुरुजींनी संगणक स्वीकारले होते त्यांची बदली झालेली, आणि नव्या गुरुजींना चाव्यांचा जुडगा व दप्तराची यादी यांपलीकडे कोणी काही दिलेले नव्हते. संगणक देण्यापूर्वी “गुरुजी, आपणांला कशाची अडचण आहे?” एवढे विचारण्याचे मला सुचले नव्हते. मी स्वतः त्याच खुर्चीवर बसलेला असूनही सुचले नव्हते, याची खंत आजही आहे.

मुख्याध्यापकाचे काम बाहेरून दिसते त्याहून अवघड आहे. उत्तम शिक्षकाला सेवाज्येष्ठतेने एके दिवशी हे पद मिळते, आणि दुसऱ्या दिवसापासून पोषण आहाराचा हिशेब, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभा, ऑनलाइन माहिती, बांधकाम, पालकांची गाऱ्हाणी हे सारे त्याच्या माथी येते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीसाठी पटसंख्या १५० च्या वर असेल, तरच स्वतंत्र मुख्याध्यापकाची तरतूद आहे. सहावी ते आठवीसाठी ही मर्यादा १०० आहे. आपल्याकडील वाड्यावस्त्यांवरच्या दोन शिक्षकी शाळांत ज्येष्ठ शिक्षकच प्रभारी म्हणून हा भार वाहतो, आणि दोन-दोन, तीन-तीन वर्गही शिकवतो. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. तेव्हा मुलांना गावी कसे थांबवावे, हा प्रश्न कोणत्याही परिपत्रकाने सुटत नाही. तो त्या एका माणसाच्या धीरावर आणि कल्पकतेवर सुटतो, किंवा सुटत नाही.

ही गोष्ट आपल्याच समाजातील एका महापुरुषाने फार पूर्वी ओळखली होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. १९१९ मध्ये त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. वसतिगृहातील मुलांच्या मुखी अन्न पडावे म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, हे आपण जाणताच. मला त्यांच्या कार्याचा क्रम अधिक बोलका वाटतो. साताऱ्यात १९३५ मध्ये त्यांनी ग्रामीण शिक्षक घडविणारे अध्यापक विद्यालय उभे केले. महाराजा सयाजीराव हायस्कूल त्यानंतर, १९४० मध्ये आले. आधी माणूस, मग शाळा! ‘कमवा आणि शिका’ या योजनेत घाम गाळून शिकलेली मुलेच पुढे गावोगावच्या शाळा चालवू लागली. आपल्या रायगड जिल्ह्यातही पनवेल-उरण परिसरात रयतचे कार्य पोहोचले आहे.

दुसरे उदाहरण आपल्या डोळ्यांदेखतचे आहे. श्री. शांतिलालजी मुथ्था यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले. २००१ च्या गुजरात भूकंपानंतर ३६८ शाळा उभारून दिल्या. एवढे प्रचंड बांधकाम केल्यानंतरही ते तेथे थांबले नाहीत. २००९ पासून बीड जिल्ह्यात ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात विटा-सिमेंट नव्हते, शिक्षकांचे प्रशिक्षण होते. इमारत उभी करणे आणि तिच्या आतील शिक्षण उभे करणे, ही दोन भिन्न कामे आहेत, हेच यातून दिसते.

मुख्याध्यापकाच्या पाठीशी उभे राहणे, एवढेच ध्येय ठेवून कार्य सुरू केलेली संस्था म्हणजे कैवल्य एज्युकेशन फाउंडेशन. श्री. आदित्य नटराज यांनी पिरामल उद्योगसमूहाच्या साहाय्याने २००८ मध्ये राजस्थानातील झुंझुनू जिल्ह्यात हे काम आरंभिले. गांधी फेलोशिपखाली पदवीधर तरुण दोन वर्षे तेथे राहात. प्रारंभीच्या आराखड्यात प्रत्येकाकडे साधारणतः पाच सरकारी शाळांचे मुख्याध्यापक सोपविलेले असत. तरुणाने शाळेत जायचे, परिपाठाला उभे राहायचे, वर्गात मागे बसायचे, आणि सायंकाळी मुख्याध्यापकांबरोबर दिवसाचा विचार करायचा. तपासणी करायची नाही, शेरा लिहायचा नाही. काही काळ गावातल्याच कुटुंबात राहून तेथील जीवन समजून घेणे, हाही त्या शिक्षणाचा भाग होता. पुण्यातील ‘लीडरशिप फॉर इक्विटी’ ही संस्थादेखील शासकीय शिक्षणव्यवस्थेतील अधिकाऱ्यांसमवेत याच दिशेने कार्य करीत आली आहे.

अशा कार्यकर्त्यांचे काम छायाचित्रात दिसत नाही. मुख्याध्यापक प्रथम कागदपत्रांचीच तक्रार करतात. ती शांतपणे ऐकावी लागते. मग हळूहळू विचारावे लागते, “गुरुजी, तिसरीतल्या किती मुलांना वाचता येते?” उत्तर देताना गुरुजी स्वतःच थबकतात, आणि तेथून खऱ्या कामाला आरंभ होतो. विशेष म्हणजे, हे विचारणारा वरिष्ठ नसतो. म्हणूनच खरे उत्तर मिळते.

आपल्या आगमांत सम्यक् दर्शनाचे आठ आचार सांगितले आहेत. त्यांतील दोन येथे आठवतात. उपबृंहणा, म्हणजे दुसऱ्याचा गुण ओळखून त्याची वृद्धी करणे; आणि स्थिरीकरण, म्हणजे डळमळणाऱ्याला आधार देऊन त्याच्या मार्गावर पुन्हा स्थिर करणे. धर्ममार्गासाठी सांगितलेले हे आचार लोकसेवेतही आपले मार्गदर्शन करू शकतात. डोंगरावरच्या एकाकी शाळेत उमेद हरवू लागलेल्या गुरुजींना याहून अधिक काय हवे असते?

पेण तालुक्यातील गागोदे ही आचार्य विनोबा भावे यांची जन्मभूमी. शिक्षकांची स्वतंत्र नैतिक शक्ती उभी राहावी म्हणून त्यांनी १९६८ मध्ये आचार्यकुलाची कल्पना मांडली. ज्या मातीने हा विचार करणारा पुरुष दिला, तेथील शिक्षकांना आपण एकटे सोडू नये.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. सुवर्णमहोत्सवी निधीतील एक लहानसा अंश यासाठी राखून ठेवावा. पेणमधील पाच आणि रोह्यातील पाच शाळा निवडाव्यात. गटशिक्षणाधिकाऱ्यांची अनुमती घ्यावी आणि केंद्रप्रमुखांना विश्वासात घ्यावे. प्रत्येक तालुक्यासाठी एक अनुभवी निवृत्त मुख्याध्यापक दोन वर्षे सोबती म्हणून नेमावा व त्याच्या प्रवासाची व्यवस्था करावी. महिन्यातून एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, या दहा जणांनी आपल्या सभागृहात एकत्र यावे. एक महिना पेणला, एक महिना रोह्याला. भोजन आपण द्यावे, बोलणे त्यांनी करावे. एकाने आपली अडचण मांडावी, इतरांनी आपला अनुभव सांगावा. गुणपत्रक नको, स्पर्धा नको, आणि मुख्य म्हणजे नामफलक नको.

यात यश मिळेलच, असे आश्वासन मी देऊ शकत नाही. बदल्या होतील, काही जण येणे थांबवतील, दोन वर्षांनी दाखवायला इमारत नसेल. परंतु दहांपैकी चार शाळांत जरी गुरुजी सकाळी उत्साहाने कुलूप उघडू लागले, तरी त्या शाळेत येणाऱ्या पुढील कित्येक पिढ्यांना त्याचा लाभ होईल. आणि एखादा संगणक पुन्हा देण्याची वेळ आली, तर तो कपाटात राहणार नाही.

दीप एकच असला तरी त्यावर अनेक दीप उजळतात. मात्र त्या पहिल्या दीपात तेल कोणी घालावयाचे, हा प्रश्न आज मी आपणांपुढे ठेवला आहे. माझ्या बोलण्यात कोणाचे मन दुखावले असल्यास अंतःकरणपूर्वक मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!